आधी डॉक्टर, मग कुत्रा

मध्य प्रदेशात 1962 हा क्रमांक लावला की जनावरांचा फिरता दवाखाना दारात येतो. गाय-म्हैस दाखवायची असेल तर 150 रुपये, कुत्रा-मांजर असेल तर 300. मे 2023 मध्ये राज्यात अशा 406 गाड्या सुरू झाल्या, प्रत्येक विकासखंडाच्या वाट्याला किमान एक या हिशेबाने. मांडू ज्यात येते तो नालछा विकासखंडही त्यात आला. गाडीत पदवीधर पशुवैद्य असतो, मदतनीस असतो, औषधांची पेटी असते. तरीही धार-देवासकडच्या एखाद्या मराठी घरातला लॅब्रॅडॉर दोन दिवस उपाशी बसला, की फोन जातो तो थेट इंदूरच्या चकचकीत क्लिनिकला. सरकारी गाडीचे नाव काढले तर उत्तर येते, "ती गुरांची ना?"

उत्तर अगदीच चुकीचे नाही. आपल्याकडे जनावरांचे वैद्यक उभे राहिले ते गुराढोरांसाठी. 1889 साली पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली ती बुळकांडीने गुरे पटापट मरत होती म्हणून. पुढे ती मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. मुंबईत परळला सर दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचे रुग्णालय बांधले, 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळातली मुंबई घोड्यांच्या आणि बैलांच्या जिवावर चालत होती, कुत्र्याचा नंबर फार मागे होता. माळव्यात महूला 1955 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आले, तेही गोठ्याकडे तोंड करूनच. आजचा सरकारी पशुवैद्य लाळ्या-खुरकुताच्या लसी, कानातले बिल्ले, कृत्रिम रेतन आणि त्या सगळ्याच्या नोंदी यांत बुडालेला असतो. त्याच्या रांगेत कुत्र्याची पाळी शेवटची.

दरम्यान घरे बदलली. पवारांच्या थोरल्या-धाकट्या पातीबरोबर देवासला आलेली, धारच्या गादीबरोबर धारला स्थिरावलेली मराठी कुटुंबे आता वाड्यातून फ्लॅटमध्ये गेली. गोठा गेला आणि सोफ्यावर कुत्रा आला. देवासात नोटांचा सरकारी छापखाना आहे, पण म्हणून देवासकरांच्या खिशात त्या जास्त येतात असे नाही. पगारदार घरात कुत्र्याच्या एका दुखण्याचे बिल महिन्याचे गणित बिघडवू शकते. मग दोष डॉक्टरला दिला जातो: 'लुटतात हो.' काही लुटत असतीलही. परंतु पाळीव जनावराचा खर्च बहुतेक वेळा दवाखान्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो.

तो ठरतो पिल्लू निवडताना. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांची नाके माणसाने हौसेपोटी इतकी चपटी करून ठेवली आहेत की थंड हवेतही त्यांना श्वास घ्यायला कष्ट पडतात. मे महिन्यातल्या माळव्यात त्यांचे काय होत असेल, याची कल्पना करायला पशुवैद्य असावे लागत नाही. सैबेरियाचा हस्की धारच्या गच्चीवर बांधणाऱ्याने आधी विजेच्या बिलाचा विचार करावा, मग डॉक्टरच्या. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आई-बापांची चौकशी केल्याशिवाय पिल्लू घेणे म्हणजे म्हातारपणीचे एक्स-रे आणि वेदनाशामके आजच विकत घेणे. गल्लीत जन्मलेले गावठी पिल्लू या बाबतीत सर्वांत स्वस्त. ते फुकट मिळते म्हणून तर स्वस्त आहेच, पण अशा जन्मजात दोषांचे ओझेही त्याच्यावर कमी असते. नातेवाइकांत रुबाब मात्र पडत नाही, हे खरे.

दुसरी गोष्ट वयाची. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र महिनाभराची पिल्ले सर्रास हातोहात जातात, कारण तेव्हाच ती सर्वांत गोंडस दिसतात. आईचे दूध लवकर तुटलेले, लस न झालेले, प्रवासाने दमलेले असे पिल्लू पार्व्होच्या विषाणूला आयतेच सापडते. घरी आल्यावर चार-सहा दिवसांत उलट्या, मग रक्ताचे जुलाब. रोज सलाइन, रोज इंजेक्शने, बिल हजारांत आणि तरीही ते वाचेल याची खात्री नाही. ज्या लसीने हे टळले असते तिची किंमत काहीशे रुपये.

म्हणूनच क्रम उलटा हवा. पिल्लू बघायला जाण्याआधी डॉक्टर बघावा. घरात जनावर नसताना, कुणी आजारी नसताना, शांत डोक्याने. रात्री अकरा वाजता तोंडाला फेस आलेले कुत्रे मांडीवर घेऊन जो डॉक्टर शोधतो तो दर विचारत नाही, पदवी विचारत नाही. ज्याचे शटर उघडे असेल तिथे शिरतो.

डॉक्टर निवडताना पहिली चाचणी कायद्याने सोपी केली आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच व्यवसाय करता येतो. त्याच्या पदवीचे नाव बीव्हीएससी अँड एएच, अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. पुढे एमव्हीएससी केले असेल तर शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, प्रजनन असा विषय असतो आणि तो विचारायला हरकत नसते. एमव्हीएससी पशुपोषणात झालेल्या माणसाकडून मोडलेल्या पायात सळई घालून घेण्याची घाई करू नये. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला किंवा औषधाच्या चिठ्ठीवर छापलेला असावा.

हे सांगण्याची गरज एवढ्यासाठी की खेड्यात जो पहिला हाताशी लागतो तो पुष्कळदा डॉक्टर नसतो. मध्य प्रदेशात गोसेवक आहेत, महाराष्ट्रात पशुधन पर्यवेक्षक आहेत. गावगाड्यात या मंडळींची कामगिरी मोठी आहे. गाईची पट्टी, जंताचे औषध, रेतन ही कामे ते वर्षानुवर्षे करत आले. कायद्यानेही किरकोळ सेवांची मुभा अशा लोकांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली देता येते. अडचण होते ती गुरांचा अंदाज कुत्र्याला लावला जातो तेव्हा. गोचीड झाले की आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचणे हा खेड्यातला सरधोपट उपाय. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत एक जनुकदोष असतो, त्यांना या औषधाची जादा मात्रा मेंदूपर्यंत जाऊन भिडते. आणि कुत्र्याच्या पाठीवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजरीला टाकले तर मांजर झटके येऊन मरू शकते. दुकानदार मात्र 'दोघांनाही चालतं' म्हणून तीच बाटली पुढे करतो.

नोंदणी पाहिली, पुढे काय? फ्रीज पाहावा. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की ती साखळी तुटायला वेळ लागत नाही. चांगल्या दवाखान्यात लसीच्या फ्रीजमध्ये तापमापक असतो आणि त्याच फ्रीजमध्ये दुधाची पिशवी किंवा कुणाचा डबा नसतो. डॉक्टर तुमच्यासमोर इवल्याशा बाटलीतली कोरडी, पांढरी वडी दुसऱ्या बाटलीतल्या द्रवात विरघळवतो, सिरिंजमध्ये भरतो, टोचतो. मग बाटलीवरची चिकटपट्टी सोलून लसीकरणाच्या कार्डावर लावतो. तिच्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. खाली सही, शिक्का, पुढची तारीख. ज्या कार्डावर नुसते बॉलपेनने 'लस दिली' लिहिले असेल ते कार्ड वहीच्या पानाएवढ्याच किमतीचे. कुत्र्याने कुणाला चावा घेतला किंवा त्याला रेल्वेने पुण्याला न्यायचे झाले, की त्या चिकटपट्टीची किंमत कळते.

लसींच्या बाबतीत पैसे वाचवण्याची एक रास्त जागा आहे आणि तिच्याबद्दल डॉक्टरशी मोकळेपणाने बोलावे. आपल्याकडे डिस्टेंपर, पार्व्हो आणि कावीळ यांची एकत्रित लस दरवर्षी टोचण्याची पद्धत पडली आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएच्या मार्गदर्शक सूचना वेगळे सांगतात. पिल्लाचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांचे झाल्यावर पडायला हवा. पुढचा बूस्टर झाला की मोठ्या कुत्र्याला या तीन रोगांची लस तीन वर्षांतून एकदाहून जास्त वेळा देण्याचे कारण नाही. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र, जिथे तो रोग आहे तिथे, दरवर्षीच लागते. रेबीजच्या लसीत काटकसर करू नये, ती लसीच्या मुदतीप्रमाणे आणि स्थानिक नियमाप्रमाणे वेळच्या वेळी. जो डॉक्टर हा प्रश्न ऐकून चिडतो त्याच्याबद्दल निदान थोडे सावध व्हावे. जो म्हणतो, 'बरोबर आहे, पण आपल्याकडे उंदीर-पाणी फार, लेप्टो दरवर्षी घेऊ, बाकीचं तीन वर्षांनी,' त्याला धरून ठेवावे.

औषधांचेही तसेच. गोचिडांतून होणारा एर्लिकिओसिस माळव्यातल्या कुत्र्यांच्या नेहमीच्या दुखण्यांपैकी एक. ताप, अन्न बंद, हिरड्या पांढऱ्याफटक, कधी नाकातून रक्त. उपचार बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन, साधारण 28 दिवस. हे तेच डॉक्सिसायक्लिन जे माणसांच्या जन औषधी केंद्रात स्वस्तात मिळते. डॉक्टरने चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिली, तर महिनाभराच्या गोळ्यांचे बिल झपाट्याने खाली येते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट, पॅन्टोप्रॅझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन अशी कितीतरी औषधे माणसांत आणि कुत्र्यांत सारखीच आहेत. यात एकच अट आहे आणि ती मोडणारे दर उन्हाळ्यात दवाखान्यात दिसतात: चिठ्ठीशिवाय घरच्या डब्यातली गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. (हेच डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 साली बंद झाले, कारण ते टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मरत होती.) तीन रुपयांची गोळी वाचवते कमी, बुडवते जास्त.

गोचिडांचा अर्धा खर्च तर कुत्र्यावर होतच नाही, घरावर होतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली उतरते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. जुन्या दगडी घरांत, चुन्याच्या भेगांत तिला हवी तेवढी जागा मिळते. ज्याने महागडी गोळी कुत्र्याला चारली आणि भिंतीच्या फटी तशाच ठेवल्या, तो पुढच्या महिन्यात पुन्हा काउंटरवर उभा. भेगा बुजवणे, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणे, रोज संध्याकाळी कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपणे हे सगळे फुकटात होते. कंटाळवाणे आहे एवढेच.

नसबंदीचेही गणित घरोघरी उलटे मांडले जाते. 'एकदा पिल्लं होऊ द्या, मग बघू.' मग बघणे राहून जाते, आणि सहा-सात वर्षांची कुत्री एक दिवस खूप पाणी प्यायला लागते, खाणे सोडते. गर्भाशयात पू झालेला असतो. तेव्हाची शस्त्रक्रिया तापलेल्या, अशक्त जनावरावर तातडीने करावी लागते. ती वेळेवर केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि धोक्याची. मांजरी पाळणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको, एका हंगामात घरातल्या एका मांजरीच्या पाच होतात.

मोठी शस्त्रक्रिया, सोनोग्राफी, हाड मोडणे यासाठी धार-इंदूरकडच्या लोकांना एक दार असे आहे की ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली आहे. पशुवैद्यकीय शिक्षणाच्या नियमांप्रमाणे अशा महाविद्यालयाला स्वतःचे उपचार संकुल चालवावेच लागते, कारण विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेत. इथे वेळ जास्त जातो. विद्यार्थ्यांचा घोळका भोवती उभा राहतो, एकाच कुत्र्याची नाडी चार जण मोजतात. पण त्यांच्यामागे प्राध्यापक असतो आणि शुल्क खासगीच्या मानाने कमी. महाराष्ट्रात परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे हीच सोय आहे. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटांनी 165 कोटी रुपये खर्चून लहान प्राण्यांचे रुग्णालय उभारले. ते उत्तमच आहे, पण देवासच्या कुत्र्याला त्याचा उपयोग काय!

एवढे सगळे पाळणाऱ्याने केले तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही: दर. कोणत्या कामाचे किती, हे बहुतेक दवाखान्यांत भिंतीवर लिहिलेले नसते. माणसांच्या दवाखान्यांसाठी केंद्राच्या 2012 च्या नियमांत दर ठळकपणे लावण्याची अट तरी आहे, पाळली जाते किती हा वेगळा विषय. जनावरांच्या दवाखान्यांना ती लागूच नाही. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असे समजू नये. ब्रिटनमध्ये स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने पशुवैद्यांच्या बाजाराची रीतसर चौकशी केली. ऑक्टोबर 2025 मधल्या तिच्या तात्पुरत्या निष्कर्षांत म्हटले की 2016 ते 2023 या काळात सेवांचे दर सरासरी 63 टक्क्यांनी वाढले. 2013 मध्ये दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातात होते, ते प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत गेले. गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरच्या पाटीमागे कंपनी आली, पाटी तीच राहिली. उपाय म्हणून प्राधिकरणाने सुचवले ते साधे होते: दरपत्रक जाहीर करा, मालक कोण ते सांगा, मोठ्या उपचाराआधी लेखी अंदाज द्या, बाहेरून औषध घेण्यासाठी चिठ्ठी हवी असेल तर तिचे शुल्क 16 पौंडांहून जास्त नको.

यातले पहिले आणि तिसरे कलम भोपाळ आणि मुंबईच्या सरकारांना उद्या लागू करता येईल. राज्य पशुवैद्यक परिषदांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी दरपत्रकाची अट घालावी. तपासणी, रेबीजची लस, एकत्रित लस, नसबंदी, सलाइनचा एक दिवस एवढ्या पाच ओळी दाराशी लागल्या तरी पुष्कळ काम होईल. चांगल्या डॉक्टरांचे यात नुकसान नाही. किंबहुना रोज 'किती होतील?' आणि 'इतके?' या दोन वाक्यांमधला संकोच त्यांनाही नको असतो. पावती देण्याची सक्तीही याच अटीत यावी. चूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जाताना हातात कागद लागतो, आणि आज तो कागद मागणारा माणूस भांडखोर ठरतो.

विम्याचे नाव या चर्चेत हटकून निघते. न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या कंपन्या कुत्र्याचा विमा देतात. पण लसीकरणासारखा नेहमीचा खर्च अशा विम्यात सहसा बसत नाही, जुनी दुखणी वगळली जातात आणि म्हातारे कुत्रे, ज्याला खरी गरज, वयाच्या अटीत अडकते. धारच्या घराने त्यापेक्षा पोस्टात आवर्ती ठेव उघडलेली बरी, असे स्पष्ट मत द्यायला हरकत नाही.

सरकारकडे मागायची दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि तिच्यात पाळीव कुत्रा नसलेल्यांचाही स्वार्थ आहे. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी 36 टक्के माणसे भारतातली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये कृती आराखडा जाहीर केला: कुत्र्यांपासून होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवायचा. त्यासाठी सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते. गोव्याने हे करून दाखवले. 2014 पासून तिथे मिशन रेबीजच्या पथकांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लसी दिल्या, शाळांत मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांची तक्रार घ्यायला फोन ठेवला. 2021 मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले गेले.

त्या मानाने धार आणि देवास जिल्ह्यांत करायचे काम अवघड नाही. दवाखाने आहेत, 1962 च्या गाड्या आहेत, महूला दरवर्षी पदवीधर होणारी मुले आहेत. 28 सप्टेंबरच्या रेबीज दिनाला फोटोपुरते शिबिर घेण्याऐवजी प्रत्येक सरकारी पशुचिकित्सालयात रेबीजची लस पाळीव कुत्र्यांना वर्षभर मोफत द्यावी. ज्यांच्या घरातली माणसे दिवसभर नोकरीवर असतात त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवावा, आणि फिरत्या गाडीचा नालछा-मांडूचा वार ठरवून तो ग्रामसभेत सांगावा. गाडीवर आज गाई-म्हशींची चित्रे असतात. शेजारी एक कुत्रा आणि एक मांजर रंगवायला रंगारी अर्धा दिवस घेईल.